डेलच्या थैलीतली टोकनं

१

मार्लिस ट्याडननं कापडी थैली खिडकीच्या फळीवर उलटी केली आणि नाण्यांचा ढीग तळहातानं पसरला. मग तिचा हात थांबला. मळक्या ढिगातून तिनं बोटाच्या टोकानं काही नाणी बाजूला सारली. ती इतकी झळकत होती की माझ्यासारख्या मोतीबिंदूवाल्यालाही लांबून दिसली.

"हे डॉलर नाहीत," ती म्हणाली. "ड्वेनच्या गाड्या धुण्याच्या दुकानातली टोकनं आहेत. बघ, गाडी छापलीय."

मी कोर्टाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, कौंटीच्या म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कोषागारात, मार्लिसच्या खिडकीवर माझ्या जुन्या ट्रकचा कर भरायला गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे डेल्बर्ट ऑस्ट्रँडर उभा होता, एका हातात पांढरी काठी, दुसरा हात वेंडेल फ्रायच्या कोपरावर. डेल जन्मापासून आंधळा. कोर्टाच्या तळमजल्यावर त्याचा कॉफीचा गाळा. दिवसाचा गल्ला तो रोज दुपारी वर आणून मार्लिसच्या ताब्यात देई, ती मोजून तो त्याच्या खात्यावर मांडी, आणि थैली जड म्हणून वेंडेल ती उचलून आणी. वेंडेल आमचा दस्तनोंदणी अधिकारी. दोन वेळा बिनविरोध निवडून आलेला, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस.

"माझ्या थैलीत टोकनं नाहीत," डेल म्हणाला.

"मग काय मी हवेतून काढली?" मार्लिस म्हणाली.

माझ्या मागे कोणीतरी हसलं. "म्हणजे आंधळ्याला नाणीही कळत नाहीत. आणि त्याच्यापायी आम्ही हे भंगार खिशात वागवतोय."

"कळत असतील तर मग चोर आहे," दुसरा म्हणाला.

डेलनं मान वळवली. कोण बोललं हे त्याला कळलं होतं, आवाज तो विसरत नसे. वेंडेलनं त्याच्या हातावर थोपटलं आणि म्हणाला, "चल डेल, मी तुला खाली सोडतो."

संध्याकाळी कोर्टाच्या दारावर नोटीस लागली. गुरुवारी कौंटीच्या मंडळाची बैठक. विषय एकच: कॉफीचा गाळा रिकामा करून घेणे.

२

हे प्रकरण मुळातून सांगायला हवं.

आमच्या देशात एकची नोट आणि शंभरची नोट मापानं सारखी, कागदानं सारखी. आंधळ्यानं नोट हातात घेतली की समोरचा सांगेल ते खरं मानायचं. आदल्या हिवाळ्यात कोणीतरी डेलला एकची नोट देऊन "दहाची आहे" म्हणत होतं आणि वर उरलेले पैसे परत घेत होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. डेल दहाच्या नोटा उभ्या घडीच्या ठेवी. वर मोजताना मार्लिसला त्या घड्यांतून एकच्या नोटा सापडू लागल्या. कोण ते कळलं नाही. "दहाची आहे" म्हणणारं अर्धं कोर्ट होतं.

तेव्हा डेलनं ठरवलं की यापुढे गाळ्यावर फक्त नाणी. नुकताच सरकारनं तो नवा सोनेरी डॉलर काढला होता, पाठीवर बाळ घेतलेल्या आदिवासी बाईचा. कड गुळगुळीत. पाव डॉलरच्या कडेला दाते असतात, त्यामुळे बोटाला चूक होत नाही. ज्याच्याकडे नोट असेल त्यानं आधी वर जाऊन मार्लिसकडून नाणी करून आणायची आणि मग कॉफी मागायची.

लोक खवळले. मीही खवळलो, खोटं कशाला बोलू. डॉलर म्हणजे कागद. तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचा असतो. नाणं हॉटेलातल्या पोरीला बक्षीस म्हणून ठेवलं तर ती मागून फेकून मारते. गावातला एकही दुकानदार ते घेताना तोंड वाकडं केल्याशिवाय राहत नव्हता, कारण गल्ल्याच्या पेटीत त्याला खणच नव्हता. म्हणून डेलच्या गाळ्यावरचा डॉलर कोर्टाबाहेर जात नसे. मार्लिसकडून आमच्याकडे, आमच्याकडून डेलकडे, डेलकडून पुन्हा मार्लिसकडे, नुसता जिना चढायचा आणि उतरायचा.

गाळा गेला तर डेलकडे दुसरं काही नव्हतं. ओमाहाला त्याची बहीण होती, तिच्या घरी मागची खोली होती. "तिथं रेडिओ आहे," तो मला म्हणाला. "आणि खुर्ची. जेवायला वेळेवर बोलावतील. मी अजून साठीचाही नाही, व्हर्जिल."

कोर्टाच्या दाराशी पहाऱ्याला शेरीफची, म्हणजे कौंटीच्या पोलिसप्रमुखाची, डेप्युटी लोइस हॅगेमन बसायची. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी, बोलली तर झोंबेल असं बोलणारी. शेरीफनं हे प्रकरण तिच्या गळ्यात घातलं, कारण बाकी कोणाला ते नको होतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यावर आली आणि डेलच्या तळहातावर मुठीतलं काहीतरी ठेवलं.

"काय आहे?"

"टोकन," डेल लगेच म्हणाला. "डॉलरपेक्षा हलकं. कडेला दाते आहेत. हे कोणी डॉलर म्हणून दिलं तर मी त्याच्या कॉफीत थुंकेन."

"मग थैलीत कसं आलं?"

"ते मला विचारू नकोस. मी घेतलं नाही."

"मंडळ म्हणेल, तूच टाकलंस. खरा डॉलर स्वतःला, टोकन कौंटीला."

"मंडळ काहीही म्हणेल. कळलं नाही तर मी आंधळा, कळलं तर मी चोर." त्यानं टोकन बोटांत फिरवलं, मग नाकाशी नेलं आणि तसाच थांबला.

"लोइस, याला वास येतोय."

"कसला?"

"ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चमधले मेणबत्त्यांचे पितळी स्टँड घासतात ना. तसला."

३

लोइसनं मला सोबत घेतलं. का, असं विचारल्यावर म्हणाली, "तू म्हातारा आहेस, तुला बघून लोक जपून बोलत नाहीत."

पहिली मार्लिस. ती खिडकीमागे नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या बांधत होती आणि आम्हाला बघून तिनं एक गुंडाळी फळीवर आपटली.

"मला माहीत होतं तू इथं येणार. मी टाकली असं म्हणायचंय ना?"

"थैली तुझ्या हातात होती."

"सगळ्यांसमोर उलटी केली मी ती. आणि कशाला टाकीन? मला काय मिळणार?"

"गाळा गेला तर नाणी जातील."

"जाऊ देत. वाजंत्री लावून निरोप देईन मी." तिनं आपले तळवे पुढे केले. "वास घे. घे ना. रात्री जेवताना घासाला हा वास येतो. बघ हे डॉलर, माणसांच्या घामानं काळवंडून जुन्या कुलपासारखे झालेत. ह्यांना सोनेरी म्हणणाऱ्याला माझ्या जागी एक आठवडा बसवा. पाठ मोडलीय माझी ही पोती उचलून. पण मी डेलच्या ताटात माती कालवणार नाही. त्या नोटांची लबाडी मीच तर शोधली होती."

"ती टोकनं तुला लगेच कशी दिसली?"

मार्लिसनं तिच्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघितलं. "दिसली म्हणजे? डोळ्यात घुसली."

जिना उतरताना मी लोइसला म्हटलं, "हिचाच उद्योग दिसतोय. राग बघितलास?"

"राग तर तुझाही आहे," ती म्हणाली. "तुलाही आत घालू का?"

४

ड्वेन केसलर मंडळाचा सभासद होता आणि गाड्या धुण्याच्या दुकानाचा मालकही. कॉफी आणि बिस्किटं देणारी यंत्रं विकणारा त्याचा मेहुणा होता, आणि गाळ्याच्या जागी कोणाची यंत्रं येणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या मते इथं येऊन प्रकरण संपायलाच हवं होतं.

ड्वेन रबरी बूट घालून पाण्याची नळी गुंडाळत होता.

"आलात? बसा. माझी टोकनं म्हणून मी चोर, असंच ना?"

"तुझी यंत्रं म्हणून," लोइस म्हणाली.

"मेहुण्याची. आणि यंत्रं आली तर वाईट काय? नोट घाल, कप घे, घरी जा. जिना नाही, पहारा नाही, आणि तो डेल प्रत्येक नाणं कुरवाळत बसतो तेही नाही." त्यानं खिशात हात घालून मूठभर डॉलर काढले. "हे बघ. टीव्हीवर सोनं दाखवतात आणि खिशात आठवडाभर ठेवलं की चॉकलेट होतं. विजारीचा खिसा फाटला माझा. कॉफी सोडता येत नाही म्हणून हे वागवतो, नाहीतर नदीत फेकले असते."

"गाळा बंद करायला मत देणार?"

"देणार. तोंडावर सांगून देणार. मला टोकनं लपवायची गरज काय? तीन मतांपैकी एक माझं आहेच."

लोइसनं एक नोट काढून दुकानातल्या टोकनं देणाऱ्या यंत्रात घातली. खाली खळ्ळकन टोकनं पडली. तिनं ती उचलून पाहिली आणि मला दिली. सगळी काळपट, ओरखडे पडलेली, छापाच्या खाचाखाचांत साबणाचा थर.

"तुझी टोकनं कधी घासतोस का, ड्वेन?"

"गाड्या घासून हात राहतात का माझे?"

"यातली नवी कोरी कधी आणलीस?"

"बाप जिवंत होता तेव्हा."

लोइसनं पाकिटातून थैलीत सापडलेलं एक टोकन काढलं आणि यंत्रातून पडलेल्या टोकनांशेजारी धरलं. एक आरसा, बाकी चिखल. चकचकीत टोकनावर छापलेल्या गाडीच्या चाकांत काहीतरी पांढरं वाळलेलं होतं. ड्वेननं वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरची मग्रुरी उतरली.

"हे कोणी केलं?" तो म्हणाला. "आणि कशाला?"

५

वेंडेल फ्रायचं ऑफिस पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ होतं. दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी. सगळ्या कोर्टात तेवढी एकच पाटी अशी होती की तिच्यात बघून दाढी करावी. खिडकीत त्याचा थर्मास होता. डेलचा नियम निघाल्यापासून वेंडेल घरून कॉफी आणायचा.

"बसा, बसा," तो म्हणाला. "डेल कसा आहे? मला फार वाईट वाटतं त्याचं."

"थैली रोज तू वर आणतोस."

"चोरून आणतो का, त्याच्या देखत आणतो. म्हणजे, त्याच्यासोबत." तो हसला. "माझ्या मनात पाप असतं तर मी ते ओझं उचललं असतं का, लोइस? मला पाठीचा त्रास आहे."

"मध्ये कुठं थांबता?"

"इथं. मी कागद टेबलावर टाकतो, चावी घेतो. तो दाराशी उभा असतो."

"थैली?"

"माझ्या हातात. असते कुठं?"

लोइसनं मान हलवली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "गाळ्यावर येत नाहीस हल्ली. डेलवर राग आहे?"

"डेलवर नाही. त्या नाण्यावर." तो खुर्चीत पुढे सरकला. त्याचा आवाज चढला. "पैसा म्हणजे काही इभ्रत असते. हे काय? लहान पोराच्या हातात द्यायचं खेळणं. सोन्याचा मुलामा काय, चकाकी काय, डोळे दिपतात बघणाऱ्याचे. सर्कशीतल्या विदूषकाच्या कोटाची बटणं बरी. मी शपथ घेतलीय, त्या नाण्याला माझा हात लागणार नाही. लागलेलाही नाही आजवर."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. गावात मी एकटाच असेन, आणि मला त्याचा अभिमान आहे."

"थैली तर उचलतोस."

"कापडाला हात लागतो, नाण्याला नाही."

बाहेर आल्यावर लोइस त्या पितळी पाटीसमोर थांबली. तिनं पाटीवरून एक बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग बोट माझ्या नाकापुढे धरलं.

मी वास घेतला, पण तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. वेंडेलच्या बापाबरोबर मी धान्याच्या कोठारावर काम केलं होतं.

६

गुरुवारी मंडळाची खोली भरून गेली. लोक डेलच्या बाजूनं आले नव्हते. नाणी जाणार ते बघायला आले होते. डेल पुढच्या रांगेत काठी गुडघ्यांत धरून बसला होता, आणि त्याच्या शेजारी वेंडेल, धीर द्यायला.

अध्यक्षबाई आयरीन व्हॉस यांनी नोटीस वाचली. मागून कोणीतरी ओरडलं, "मत घ्या आणि संपवा, कॉफीची वेळ झाली."

"त्याआधी दोन शब्द," लोइस म्हणाली. तिनं टेबलावर तीन छोटे ढीग मांडले. "हे डेलच्या गल्ल्यातले डॉलर. ही ड्वेनच्या यंत्रातली टोकनं. आणि ही थैलीत सापडलेली. उठून बघा."

लोक उठले. डॉलर तपकिरी होते, यंत्रातली टोकनं काळपट होती. तिसरा ढीग तेवढा लखलखत होता.

"ही टोकनं कोणीतरी पितळ घासायच्या पावडरीनं घासलीत. पावडर अजून चाकांत आहे. का घासली? डॉलरसारखी दिसावीत म्हणून. आंधळाच काय, डोळसही फसेल, नाण्यांचा भरवसाच नाही, असं वाटावं म्हणून. पण आपल्या इथला डॉलर असा दिसतो का? मार्लिस?"

"असा दिसला असता तर मला इतकी किळस आली नसती."

"ड्वेन?"

"चॉकलेट," ड्वेन तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"मार्लिस रोज हे मोजते. तिनं टोकन टाकायचं ठरवलं असतं तर जसंच्या तसं काळपट टाकलं असतं, ते ढिगात मिसळून गेलं असतं. ड्वेनच्या खिशात हे पडलेले असतात, त्याच्याकडे तर काळपट टोकनांची पेटी भरलेली आहे. ज्याला ज्याला जिना चढून कॉफी घ्यावी लागली त्याला डॉलरचा रंग ठाऊक आहे. हे काम अशा माणसाचं आहे ज्यानं डॉलर फक्त टीव्हीवर बघितलाय. आणि थैली ज्याच्या हातात पडते अशा माणसाचं."

खोलीतल्या माना एकेक करून वळल्या. वेंडेल ताठ बसला होता.

"नाण्याला हात लावत नाही हा गुन्हा झाला?" तो म्हणाला.

"नाही. पितळी पाटी घासणं हाही गुन्हा नाही. पण डेल दाराशी उभा असताना तू चावी आणायला आत जातोस, थैली घेऊन."

"मला यातून काय मिळणार, लोइस? मी त्याच्याकडून कॉफीसुद्धा घेत नाही."

"तेच मला कळत नव्हतं," ती म्हणाली. "नियम आला त्या दिवशी सगळे ओरडले, आणि ओरडत रांगेत उभे राहिले. यायचा बंद झालास तू एकटा."

डेलनं वेंडेलच्या कोपरावरचा हात काढून घेतला. ते इतकं सावकाश झालं की सगळ्यांनी बघितलं.

"वेंडेल," तो म्हणाला, "त्या एकच्या नोटा तुझ्या होत्या?"

वेंडेलनं मान खाली घातली.

"तू म्हणायचास, डेल, दहाची आहे, सावकाश मोज, मला घाई नाही. बाकीचे घाई करायचे. मला वाटायचं, हा एक माणूस भला आहे."

"पैशासाठी नव्हतं ते," वेंडेल म्हणाला. "पहिल्यांदा चुकून झालं. खरंच चुकून, आणि तू पैसे परत दिलेस. मग... ते इतकं सोपं होतं. मी थांबणार होतो. आणि मग तू हा नियम काढलास. रोज, रोज सकाळी लोक नाणी घेऊन जिना उतरायचे आणि माझ्या दारासमोर थांबून म्हणायचे, कोण असेल तो हलकट? मलाच विचारायचे. नाणी आहेत तोवर हे थांबणार नव्हतं. मला फक्त नाणी जायला हवी होती, डेल. तू जावास असं मला वाटत नव्हतं."

"मी कुठं जाणार होतो असं तुला वाटत होतं?" डेलनं विचारलं.

आयरीनबाईंनी मत घेतलं. एका सभासदाचं मत गाळा काढण्याच्या बाजूनं पडलं, बाईंचं स्वतःचं त्याविरुद्ध. राहिला ड्वेन.

"मला ते नाणं आवडत नाही," तो शेवटी म्हणाला. "मरेपर्यंत आवडणार नाही. पण माझी टोकनं वापरून कोणी मला गाढव बनवलेलं मला त्याहून आवडत नाही. गाळा राहू दे."

खोलीत टाळ्या पडल्या नाहीत. लोक कुरकुरत उठले, आणि दाराशी मी एकाला म्हणताना ऐकलं, "म्हणजे उद्या पुन्हा जिना."

७

वेंडेलनं राजीनामा दिला. पुढचं शेरीफच्या आणि वकिलांच्या हातात गेलं. तो आपलं सामान घ्यायला आला तेव्हा सकाळ होती आणि गाळ्यावर रांग होती. मी रांगेतच होतो. तो पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून खाली आला आणि कोणाकडे न बघता दाराकडे निघाला.

"वेंडेल," डेल म्हणाला. त्यानं पावलं ओळखली होती. "कॉफी घेऊन जा."

वेंडेल थांबला.

"माझ्याकडे नोट आहे," तो म्हणाला.

"मग वर जा."

मला वाटलं, तो दार उघडून निघून जाईल. मीही गेलो असतो. त्यानं खोकं लोइसच्या टेबलावर ठेवलं आणि जिना चढला. वरची खिडकी सरकल्याचा आवाज आला. मार्लिसचा आवाज आला नाही. मग तो उतरला, मूठ अंगापासून लांब धरून, जणू मुठीत निखारा होता. रांगेच्या शेवटी उभा राहिला. कोणी त्याला पुढे जाऊ दिलं नाही आणि कोणी त्याच्याशी बोललंही नाही.

त्याची पाळी आली तेव्हा त्यानं मूठ उघडली. तपकिरी डॉलर होता, घामानं ओला झालेला. त्यानं तो स्वतःच्या तळव्यावर पाहिला, बराच वेळ, आणि डेलच्या हातावर ठेवला.

डेलनं त्याची कड अंगठ्यानं फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा. तेवढा वेळ तो कोणालाच लावत नसे.

"डॉलर आहे," तो म्हणाला. त्यानं कप भरून फळीवर ठेवला. वेंडेल कप हातात धरून तसाच उभा राहिला, डेल आणखी काहीतरी म्हणेल म्हणून.

डेलनं फडक्यानं फळी पुसली.

"पुढं कोण आहे?" त्यानं विचारलं.